पंक्तीचा प्रश्न : मराठी प्रॉटेस्टंट मंडळींतील साक्ष आणि संगत



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात आज व्याख्यानासाठी उभे राहताना मनात संकोच आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकवला. राजे आणि लढाया शिकवून झाल्या की ते विचारीत, "त्या वेळी सामान्य माणूस कोणाबरोबर जेवत होता, ते सांगा." आम्ही गप्प बसत असू. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. आजचे व्याख्यान हा त्याच उत्तराचा एक अंश आहे.

माझे बालपण बेळगावच्या कॅम्पालगत गेले. आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राही. दर नाताळला त्यांच्याकडून आमच्या घरी फराळाचे ताट येई. करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि वर विणलेला पांढरा रुमाल. माझी आजी ते ताट दारातच मोठ्या आदराने घेई, "कशाला एवढा त्रास घेतलात?" म्हणे, आणि रिकामे ताट परत करू नये म्हणून त्यात साखर घालून देई. फराळ मात्र आमच्यापैकी कोणाच्या पानात पडत नसे. तो परस्पर गड्याला दिला जाई. त्या शेजारीणबाईंना हे ठाऊक असावे, असे आता वाटते. तरीही ताट दरवर्षी येत राहिले. धर्माची देवाणघेवाण कशी होते याविषयी मी पुढे जे वाचले, त्याची पहिली खूण मला त्या ताटात सापडते.

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाने आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचवली आणि आपसांत नाती कशी बांधली, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : ही श्रद्धा बाजारातल्या प्रवचनापेक्षा घर, पत्र, गाणे आणि पंक्ती यांच्या वाटेने अधिक पसरली, आणि या चारींपैकी पंक्ती हीच तिची खरी कसोटी ठरली.

'मंडळी' हा शब्द

आरंभ एका शब्दापासून करू. मराठी नव्या करारात ख्रिस्ती उपासकांच्या समुदायाला 'मंडळी' म्हटले आहे. हा शब्द ज्यांनी योजला, त्यांना मराठी संसाराची चांगली जाण असली पाहिजे. आपल्याकडे 'घरची मंडळी' म्हणजे घरातली माणसे. जुन्या पिढीतले गृहस्थ पत्नीचे नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणत. लग्नातली, पंक्तीतली, दिंडीतलीही मंडळीच. सभा, समाज, संस्था हे शब्द हाताशी असताना उपासकांच्या समुदायाला घरगुती शब्द मिळाला. तो शब्द स्वीकारल्याने एक जबाबदारीही आली. मंडळी म्हटली की एका ताटातले नसले तरी एका पंक्तीतले जेवण आलेच.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माला मराठी भूमीवर प्रथमच भेटला असेही नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियातील एक प्रसंग आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय विश्वासूंबरोबर जेवत असे. परंतु यरुशलेमेकडची माणसे आल्यावर तो मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, अशी तक्रार आहे. म्हणजे पंक्तिभेदाचा प्रश्न या धर्माच्या पहिल्याच शतकात उभा होता. महाराष्ट्रात आल्यावर त्याला जातीची धार चढली, इतकेच.

१८४३ ते १८५४ : तीन प्रसंग

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली आपल्या बेळगावात आले. बाजारात, जत्रेत वा नदीच्या घाटावर उभे राहून उपदेश करावा आणि छापील पुस्तिका वाटाव्यात, ही त्या काळची रीत होती. श्रोते जमत, वाद घालत, पुस्तिका घेऊन घरी जात. पण पहिल्या दोन दशकांत बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले. ऐकण्याने कोणी बाटत नव्हते. बाटण्याचे ठिकाण निराळे होते, आणि ते १८४३ साली मुंबईत सर्वांच्या दृष्टीस पडले.

त्या वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्याच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या हवाली केला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मग अडचण कसली होती? तो ख्रिस्ती घरात जेवला होता, ही. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला. मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाची बाजू घेतली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. मुलगा कोणते धर्मतत्त्व मानतो हे कोणी फारसे विचारले नाही; तो कोणाच्या घरी जेवला, हे सर्वांनी विचारले.

दुसरा प्रसंग १८४९ सालचा. दादोबा पांडुरंग आदी सुशिक्षितांनी मुंबईत परमहंस मंडळी स्थापिली. एकच ईश्वर आणि जातिभेदाचा त्याग हे तिचे ब्रीद होते. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, अशी प्रथा होती. पण हे सारे बंद दाराआड चाले. १८६० साली सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याचे भय पसरले आणि मंडळी मोडली. विचार उदात्त होता यात शंका नाही. तथापि, दार लावून बसलेली पंक्ती दार उघडताच उठली.

तिसरा प्रसंग आपल्या गावचा आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. येथील मिशन शाळेत ते शिकले, पुढे मुंबईस गेले, परमहंस मंडळीतही वावरले, आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती विधवांच्या दुःखावरची 'यमुनापर्यटन' (१८५७) त्यांचीच. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना एक गोष्ट मनावर ठसते. कोण्या एका भाषणाने त्यांचे मत पालटले नाही. शाळेतले शिक्षक, हाती आलेली पुस्तके, मित्रांशी झालेले वाद आणि मनातली वर्षानुवर्षांची घालमेल, अशी ती लांबलेली वाट आहे. परमहंसांच्या गुप्त पंक्तीतून उठून ते उघड्या पंक्तीत येऊन बसले. त्या दोन पंक्तींमधले अंतर किती होते, हे तुटलेल्या नात्यांच्या हिशेबावरूनच कळते.

तुटलेली नाती

हा हिशेब टाळून हा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धर्मांतर करणारा घर, वतन आणि सोयरीक यांना मुके. १८५० च्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तजवीज केली. विवाहाचे काय, हा प्रश्न उरला, तेव्हा १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. त्यात जोडीदाराला विचार करण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्याची तरतूद होती. त्या कलमामागे किती घरांतले मौन दडले असेल, याची कल्पना करावी. एका बाजूला आईबाप मुलाला जिवंतपणी पाणी सोडत होते. दुसऱ्या बाजूला तो मुलगा अनोळखी माणसांना 'बंधू' आणि 'भगिनी' म्हणायला शिकत होता. नव्या मंडळीतले हे संबोधन त्याला रूढीपेक्षा गरजेचे अधिक होते. ज्याचे घर गेले, त्याला मंडळी हेच घर होते.

अहमदनगरची खेडी

उच्चवर्णीयांचे धर्मांतर वृत्तपत्रांत गाजले. संख्या मात्र खेड्यांत वाढली. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. १८५४ साली हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी माणसांना तेथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनहून आलेल्या रुफस अँडरसन यांचा आग्रह असा होता की, मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः सोसावा आणि प्रसारही स्वतःच करावा. यातून गावोगावच्या लहान मंडळ्या उभ्या राहू लागल्या.

या मंडळ्यांत महार समाज मोठ्या संख्येने आला. श्रद्धा येथे सोयरिकीच्या वाटेने चालली. एका गावची लेक दुसऱ्या गावी दिली, भाऊ तिला भेटायला गेला, त्याने मुक्कामाच्या रात्री प्रार्थना केली, घरच्यांनी ऐकली. असा हा प्रवास होता. धर्मशास्त्राच्या परिभाषेत याला 'साक्ष देणे' म्हणतात. खेड्यात त्याचे रूप पाहुण्याने केलेल्या गप्पांचेच होते.

याच काळात कीर्तनाचा आश्रय घेतला गेला. १८६० च्या दशकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन सुरू झाले आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी ते गावोगाव नेले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग सारे ओळखीचे. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे. महारवाड्याच्या अंगणात कीर्तन उभे राहिले की गावातली इतर माणसेही थोड्या अंतरावर येऊन बसत. येथे अन्नाचा स्पर्श नव्हता, म्हणून अडसरही नव्हता. जे ताट उंबरठा ओलांडू शकत नव्हते, तेथे अभंग सहज पोहोचत होता. मराठी ख्रिस्ती गीतांचे महत्त्व मला येथे दिसते. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मंदिरात म्हटली गेली. पण ओवी-अभंगांनी मंदिराच्या भिंतीबाहेर शेजार जोडला.

१८४२ साली अहमदनगरहून निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रानेही असेच काम केले. दूरदूरच्या गावी चार-सहा कुटुंबांची मंडळी एकाकी असे. कोणाचे लग्न झाले, कोण वारले, कोठे नवा पाळक आला, कोठे दुष्काळ पडला, हे त्यांना एकमेकांविषयी कळू लागले. न पाहिलेल्या माणसांविषयी आपलेपणा वाटणे, हे छापील पत्राचे देणे होते.

आता पंक्तीकडे वळू. प्रभुभोजनात एकच भाकर मोडून सर्वांना दिली जाते आणि प्याला हातोहात फिरतो. ब्राह्मण पाळकाच्या हातची भाकर महाराने घेणे सोपे होते. जुन्या व्यवहारातही खालच्याने वरच्याचे घेतलेच होते. कठीण होते ते उलट घडणे. महाराच्या ओठाला लागलेला प्याला पुढे दुसऱ्याने घेणे, ही खरी कसोटी होती. मिशनच्या वसतिगृहांत हीच कसोटी रोज दोन वेळा लागे. सिंथिया फरार या १८२७ साली आलेल्या शिक्षिकेने अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या. ती शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. पुढे निघालेल्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींच्या मुली एका चुलीवर रांधून एका रांगेत जेवू लागल्या. पुस्तकातल्या धड्याहून त्या रांगेतला धडा मोठा होता.

टिळक पती-पत्नी

या इतिहासाचे सर्वांत जिवंत चित्र मराठी वाचकाला 'स्मृतिचित्रे'त मिळते. नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला. तो प्रवासी पुढे त्यांना कधी भेटला नाही. शंकासमाधान पत्रव्यवहाराने झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी होती. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. त्या काही वर्षे माहेरच्या आप्तांकडे राहिल्या. पुढे टिळकांजवळ आल्या, तरी सोवळे आणि स्वतंत्र चूल सुटली नव्हती. हळूहळू, आतल्या आत विचार करीत, कधी स्वतःलाच हसत त्या पुढे सरकल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बुद्धीने मान्य झालेली गोष्ट हाताने आणि जिभेने मान्य व्हायला किती काळ लागतो, हे त्यांच्याइतक्या खुलेपणाने मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितले असेल. टिळकांना पाठवलेल्या पुस्तकाने, पत्राने आणि कवित्वाने जिंकले, लक्ष्मीबाईंना सहवासाने.

टिळकांच्या आयुष्याची अखेरही विचार करण्याजोगी आहे. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या परंपरेतून ख्रिस्ताकडे आलेल्या या कवीला पाश्चात्त्य मिशनच्या चौकटीत अवघडल्यासारखे होऊ लागले. एक पंक्तिभेद मंडळीच्या आतही होताच : गोऱ्या मिशनऱ्याचा बंगला आणि देशी पाळकाचे घर यांतला. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि दरबार पुढे टिकला नाही. पण ज्या काळात बाप्तिस्मा म्हणजे घराशी फारकत असे समीकरण झाले होते, त्या काळात घर न सोडताही संगत शक्य आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला.

न सुटलेला भाग

मंडळीने पंक्तीचा प्रश्न पुरता सोडवला काय? नाही, असेच उत्तर द्यावे लागते. महार आणि मांग या समाजांतला जुना दुरावा बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात वाहून गेला नाही. प्रभुभोजनाला एकत्र बसणारी कुटुंबे सोयरिकीच्या वेळी मूळ जात विचारीत. भाकरीची पंक्ती एक झाली, लग्नाची पंक्ती मागे राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना, जात चर्चच्या दारातून आत शिरली आहे, यावर नेमके बोट ठेवले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. धर्माने जात गेली असे कायदा धरून चालला. गावाच्या वेशीवर ती तशीच उभी होती.

पंथांचे भेद हा दुसरा न सुटलेला भाग. मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनकडे, कोल्हापूर प्रेस्बिटेरियनांकडे. बेळगाव लंडन मिशनकडून विसाव्या शतकाच्या आरंभी मेथॉडिस्टांकडे गेले. कोल्हापूरची मुलगी बेळगावात नांदायला आली की तिचा पंथ बदले; तिचा देव तोच राही. परदेशात उपजलेल्या या भेदांचा मराठी माणसाला अर्थ लागत नव्हता. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त मंडळी स्थापन झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या मीलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मास आले. आपल्याकडचे मेथॉडिस्ट त्यात सामील झाले नाहीत. म्हणजे दोन मंदिरे अजून वेगळी आहेत. पण नाताळच्या आधीच्या रात्रींत गाणी म्हणत घरोघर फिरणारी मुले कोणत्या मंदिराची, हे कोणी विचारीत नाही.

ज्या गोष्टींनी हा समाज बांधून ठेवला त्या लहान आहेत. आठवड्यातून एकदा कोणा एकाच्या घरी होणारी प्रार्थनासभा आणि नंतरचा चहा. आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसणारा पाळक. हंगामाच्या सणाला वेदीपुढे ठेवलेली धान्याची पायली, भोपळा, अंडी, आणि उपासनेनंतर त्यांचा हसतखेळत होणारा लिलाव, ज्यात एखादा भोपळा बाजारभावाच्या दहापट किमतीला जातो. मृत्यूच्या घरी तीन दिवस शेजाऱ्यांनी पुरवलेले जेवण. इतिहासाच्या ग्रंथांत यांना जागा नाही. माझ्या मते मंडळीचा कणा तोच.

समारोप

बंधुभगिनींनो, मी ख्रिस्ती नाही. कोणी व्हावे वा होऊ नये, हे सांगणे माझे काम नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दिसते ते असे. ज्या समाजाला आपली श्रद्धा दुसऱ्याला द्यायची आहे, त्याला आधी त्याच्याजवळ बसावे लागते, आणि जवळ बसण्याची किंमत दोघांनाही द्यावी लागते. बाबा पदमनजींच्या पिढीने ती घरदार सोडून दिली, लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडून दिली. आमच्या शेजारीणबाईंनी ती दरवर्षी, मुकाट्याने, एका ताटाच्या रूपाने दिली.

आजी गेली त्या वर्षीच्या नाताळला ताट नेहमीप्रमाणे आले. माझ्या आईने रुमाल बाजूला केला, क्षणभर थांबली, आणि ताट आम्हां भावंडांपुढे ठेवले. मी चौदा वर्षांचा होतो. करंजीची चव आमच्या घरच्या करंजीसारखीच होती. मला थोडी निराशा झाल्याचे आठवते. इतकी वर्षे जे दाराबाहेर राहिले, ते काहीतरी निराळे असेल अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी शाळेत गुरुजींना सांगितली. ते काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी आमच्या वर्गाला डबे घेऊन गोल बसायला लावले आणि स्वतःचाही डबा उघडून आमच्यात येऊन बसले. त्या दिवसापासून आम्ही शाळा सोडेपर्यंत त्या वर्गात डबे तसेच उघडले गेले. आज या सभागृहात त्या वर्गातले काहीजण बसलेले मला दिसत आहेत. त्यांना ते आठवत असेल.